कवंडळाचा लाल

“या रानात नाताळ आणायचा तरी कुठून, फादर?”

डोंगरपायथ्याच्या चर्चच्या ओट्यावर ब्रदर जॉयेलनं बदलीचा अर्ज म्हाताऱ्या फादर बस्त्यावांपुढं ठेवला. त्यांची सही झाली की तो वसईला, आपल्या माणसांत जायला मोकळा होता.

जॉयेल हुशार खरा. आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. जूनमध्ये डोंगरातल्या पाड्यावर आल्यापासून त्यानं औषधं वाटली, कपडे वाटले, पोरांना अक्षरं गिरवायला लावली. बाळ येशूचा नाताळचा गोठाही शहरातून तयार आणला. लाल झालर, हिरवी प्लॅस्टिकची पानं, सोनेरी चांदणी, पांढरा कापूस… कशाला म्हणून उणं ठेवलं नाही.

चोवीस तारखेला सहा माणसं आली. दारातूनच हात जोडून निघून गेली. मग त्यानं एकट्यानंच गाणी म्हटली, एकट्यानंच केक कापला. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या आठवणीनं ढसाढसा रडला.

“गोठ्याला पेंढा कुणी दिला?” फादरांनी विचारलं.

“पाकिटातला होता. पूर्वी पाड्यावरची माणसं आणायची म्हणे. म्हटलं, त्यांना कशाला त्रास?”

“हं…”

फादरांनी अर्ज चष्म्याच्या डबीखाली सरकवला.

“मागच्या रानात जा. तुझ्या गोठ्याचे चारही रंग घेऊन ये. मग बघू सहीचं.”

जॉयेलला राग आला. पण अडला हरी! निमूट गेला.

तासाभरानं परतला आणि ओट्यावर एकेक मांडत गेला. करवंदीची पानं, वाळलेलं सोनेरी गवत, ओढ्याकाठी पडलेलं बगळ्याचं पीस. शेवटी कवंडळाच्या वेलीचा तुकडा. त्याला एक लालबुंद फळ होतं आणि एक कच्चं, हिरवंगार.

“झाले चार,” तो म्हणाला.

फादरांनी कच्चं फळ हातात घेतलं.

“हे कसं सापडलं?”

“वेल ओढली तेव्हा हाताला लागलं. पानांत दिसतच नव्हतं.”

“आणि लाल?”

“ते ओढ्यापलीकडूनच दिसलं.”

“इतकं लाल कशाला होतं रे ते?”

हे जॉयेलला तोंडपाठ होतं. “पाखरांना दिसावं म्हणून. पाखरं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात.”

“म्हणजे पाखरांवर उपकार करतं.”

“छे, फादर! गरज वेलीची असते…”

बोलता बोलता तो थांबला.

फादर कच्चं फळ तळहातावर फिरवत राहिले.

“सहा महिन्यांत पाड्यावर कुणाकडे काही मागितलंस?”

“मी? त्यांच्याकडे?” जॉयेल हसला. हसू अर्ध्यावरच राहिलं. “…कधी काही लागलंच नाही.”

औषध घेऊन माणसं उभ्याउभ्या परत जात. त्याच्या ओटीवर आजवर कुणी टेकलं नव्हतं. हे त्याला माहीत होतंच, पण आज फार झोंबलं.

“फादर… मी गेलो, तर तिथं कुणाला चुकल्यासारखं वाटेल?”

फादरांनी डबीखालचा अर्ज काढला, घडी घातली आणि सही न करताच त्याच्या हातात दिला.

“तुझ्या घरात मीठ आहे?”

“आहे की. बरणीभर आहे.”

“ओतून टाक,” फादर म्हणाले, “आणि शेजारी मागायला जा.”