कुरणवाडीचा पाठमोरा

हा बघा, बांधावरचा दगड. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, देवाचं तोंड कुठं आहे? अहो, तोंड नाहीच. ही माणसाची पाठ आहे आणि शेंदूर पाठीलाच लागतो. उगाच वळसा घालून बघू नका, पलीकडं नुसता ओबडधोबड धोंडा आहे. कुरणवाडीत याला पाठमोरा म्हणतात.

फार मागची गोष्ट सांगतात. लागोपाठ दुष्काळ पडलेले, माणसं झाडपाला उकडून खात होती. या रानात कोंडाई नावाची विधवा राहायची, पदरात तान्हं पोर. तिच्या खोपटात पेरणीचं बी होतं, गोणीभर जोंधळा. स्वतः उपाशी राहिली, पण त्याला हात लावला नाही म्हणे. ते गेलं असतं तर मायलेकरं जगत नव्हती.

त्या दिवशी सकाळी ती गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर उभी होती, थोड्याफार उरलेल्या पिकावरची पाखरं हाकत. तेवढ्यात एक माणूस खोपटात शिरताना दिसला. हातात कोयता! पोर आत झोळीत निजलेलं. दगड मारावा तर पोराला लागायचा, खाली उतरावं तर तोवर काय होईल कोण जाणे. तिनं गोफणीत दगड भरला आणि दारावर नजर लावून उभी राहिली. आतून पोर रडायला लागलं, आणि एकदम गप्प झालं.

माणूस बाहेर आला तो खांद्यावर गोणी घेऊन. कोंडाई किंचाळली, "ठेव खाली!" गोफण गरगर फिरत होती. त्यानं वर बघितलं, गोणी टाकली, कोयता टाकला आणि जीव घेऊन पळत सुटला. तेवढ्यात, म्हणे, आत पोर पुन्हा रडलं. म्हणजे जिवंत होतं. कोंडाईनं ते ऐकलं, तरी दगड सोडला. तो माणूस इथं, या बांधावर पडला तो उठलाच नाही.

गावात पंच बसले. कायदा सरळ होता. घरात शिरलेल्या चोराला घरधन्यानं मारलं तर दोष नाही. पळणाऱ्याला मारलं तर मात्र खून, आणि खुन्याला गावाची वेस बंद. त्या दुष्काळात वेस बंद म्हणजे मरणच. पण पंचांना कोंडाईची दया आली. कोयता दाखवून त्यांनी निकाल दिला, दोष नाही.

तेवढ्यात नदीपलीकडून एक म्हातारी आली. मेलेल्या चोराची आई; त्याचं नाव सटवा. ती ना रडली, ना शिव्या दिल्या. एवढंच विचारलं, "माझ्या पोराला दगड पुढनं लागला का मागनं?"

पाटील म्हणाला, "पुढनं, आजी. अंगावर धावून आला होता."

कोंडाई सुटली होती. गप्प बसली असती तर कुणी काही म्हणणार नव्हतं. पण तिला ते सोसवलं नाही. पोराला छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "मागनं लागला, आये. सगळं टाकून पळत होता."

म्हातारी तिच्याजवळ आली. मग म्हणाली, "पळत होता? मग घरी, माझ्याकडंच येत होता गं."

कोंडाईनं तिचे पाय धरले. पंच वेस बंद करायला निघाले, तर म्हातारीनंच अडवलं. "हिला घालवून माझा सटवा येणार हाय का? हे लेकरू तेवढं मरंल. त्यापरीस सटव्याची पाठ दिसंल असा दगड बसवा, तो पडला तिथं."

दगड बसला. आणि आजही आमच्याकडं चोर दिसला, की राखणदार गोफण भरून हाळी देतो, पण थांबतो. चोर अंगावर आला तर दगड सोडतो. पाठ फिरवून पळाला, तर आमची माणसं गोफण खाली करून ओरडतात, "जा, घरी जा!"