जो येईल त्याला धाडा

लहानथोर मंडळींनो, ही गोष्ट फार पूर्वीची आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. आठवून तसा उपयोगही नाही, कारण राजाला या गोष्टीत एकच काम आहे आणि ते तो सुरुवातीलाच उरकून घेतो.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव कापड रंगवणाऱ्यांचं. कुणी मंजिष्ठेचा लाल रंग देई, कुणी हळदीचा पिवळा, कुणी डाळिंबाच्या सालींचा बदामी. घाटावरची माणसं कोरं कापड घेऊन खाली उतरत आणि वेशीत पाऊल टाकताच सगळे रंगारी त्यांच्या अंगावर तुटून पडत. कुणी गाठोडं ओढी, कुणी दंड धरी. एकदा या ओढाओढीत एका म्हाताऱ्याचं गाठोडं राहिलं बाजूला, नेसतं धोतरच सुटून आलं. म्हातारा तशाच अवतारात राजासमोर जाऊन उभा राहिला.

मग राजानं वेशीवर एक वाटाड्या बसवला आणि रीत घालून दिली. रंगाऱ्यांनी गिऱ्हाईक गाठायला वेशीवर यायचं नाही. दसऱ्याला प्रत्येकानं वाटाड्याकडे आपली मागणी घालायची. कसलं काम हवं, दिवसाला किती हवं आणि कधी थांबायचं, एवढं सांगायचं. गिऱ्हाईक आलं, की ज्याच्या मागणीत ते बसेल त्याच्या दारी वाटाड्या त्याला धाडणार. जे कुणाच्याच मागणीत बसणार नाही, त्यानं आल्या वाटेनं परत जायचं.

पहिल्याच वर्षी काही उपद्व्यापी लोकांनी शेजाऱ्यांच्या मागण्या परस्पर मोडून टाकल्या. तेव्हापासून आणखी एक नियम आला. ज्यानं मागणी घातली, त्यानंच येऊन ती बदलायची. नवरा, भाऊ, मुलगा, कुणीही दुसरा चालणार नाही.

या गावात निळीचं घर एकच होतं. त्या घराच्या अंगणात एक मोठा रांजण गळ्यापर्यंत पुरलेला होता. लाल-पिवळा रंग उकळला की झाला, पण निळीचं तसं नसतं. नीळ, चुना आणि गूळ घालून ते पाणी आंबवावं लागतं. ते जिवंत असतं. त्यावर तांबूस साय धरते, कापड बुडवून वर काढलं की आधी हिरवं दिसतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. पण भरमसाट कापड बुडवलं की ते पाणी दमतं, आणि विसावा मिळाला नाही तर मरतं. या घरातलं पाणी कैक पिढ्या कुणी मरू दिलं नव्हतं.

घरातल्या सासूबाईंची मागणी ठरलेली होती. "जाडं सुती कापड धाडा. दिवसाला चार गाठोडी, पाचवं नको. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुणीच नको." आयुष्यभर त्यांनी यात काना-मात्रेचा फरक केला नाही. मग त्या वारल्या आणि रांजण सुनेकडे आला, आणि त्याबरोबर मागणी बदलायचा हक्कही.

सून कामाला वाघीण होती. हात निळा, मन भोळं आणि नजर मात्र शेजारच्या लाल रंगाऱ्याच्या दारावर. त्याच्या दारात सकाळपासून रांग लागे. हिच्या दारात दुपारपर्यंत चार माणसं येऊन जात आणि मग शांत. त्या शांततेची तिला लाज वाटू लागली.

दसऱ्याला ती वेशीवर गेली आणि म्हणाली, "काका, सासूबाईंची मागणी मोडा. माझी घाला."

"सांग, सूनबाई. कसलं काम धाडू?"

"कसलंही."

"किती?"

"येतील तेवढं."

"आणि थांबवू कधी?"

"थांबवायचं कशाला? जो येईल त्याला धाडा."

वाटाड्यानं तिच्याकडे एकवार पाहिलं. "बरं. मी इथं वेशीवर बसतो, तुझं अंगण मला दिसत नाही. तू सांगशील ते मी करीन, आणि नवं काही सांगेपर्यंत तेच करत राहीन."

"तेच तर हवंय," ती म्हणाली आणि प्रसाद वाटावा तशी हसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात माणसं. जाडं सुती कापड आलं, तलम आलं, रेशीम आलं. कुणाच्याच मागणीत न बसणारे, आजवर वेशीवरून परत जाणारे सगळे आता हिच्याकडे आले. एक धनगर घोंगडी घेऊन आला. एकाला बैलाची झूल निळी करून हवी होती. एक गृहस्थ तर नुसती पांढरी दाढी घेऊन आले. दुसऱ्या लग्नाचा विचार होता म्हणे, आणि काळी नाही तर निदान निळी तरी करून द्या, असा त्यांचा आग्रह होता.

सून कुणालाच नाही म्हणेना. शेजारचा लाल रंगारी कुंपणावरून मान उंचावून रांग बघतोय, हे तिनं पाहिलं होतं. तेवढ्यावर तिचा दिवस गोड गेला.

चार दिवसांनी नवरा रांजणापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "अगं, साय पातळ झालीय. वासही बरा येत नाही. याला दोन दिवस झाकून ठेवायला हवं."

"अहो, पण दारात माणसं उभी आहेत ना! त्यांना काय सांगू?"

"मग वेशीवर जाऊन थांबवून ये."

"जाते. एवढी रांग संपली, की जाते."

रांग संपली नाही. ती संपणार कशी? वाटाड्या वेशीवर बसून सांगितल्याप्रमाणे माणसं धाडतच होता. एकाला वाटेला लावावं तर मागे दोन उभे. वेशीपर्यंत जाऊन यायला फार तर घटकाभर लागला असता, पण तेवढा वेळ तिला गर्दी देईना. नवऱ्यानं जाऊन भागत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तिचा पायही निघत नव्हता. भरलेलं दार सोडून जाणं फार कठीण असतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घाटावरून एक कोष्टीण आली. दर वर्षी ती याच घरी येई. या खेपेला तिच्या गाठोड्यात एकच लुगडं होतं. लेकीच्या लग्नासाठी तिनं ते पावसाळाभर बसून विणलं होतं, आणि लग्न दोन दिवसांवर आलं होतं. ती रांगेत दाढीवाल्या गृहस्थांच्या मागे उभी राहिली. ते पुन्हा आले होते, कारण पहिला रंग धुऊन गेला होता.

कोष्टिणीची पाळी आली. सुनेनं लुगडं रांजणात बुडवलं आणि वर काढलं. ते हिरवं दिसलं नाही. वारा लागला तरी निळं होईना. ओल्या राखेसारखं मळकट झालं आणि तसंच राहिलं. तिनं पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं.

कोष्टिणीनं लुगडं हातात घेतलं. ती भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमच्या सासूनं मला वेशीवरनंच परत लावलं असतं. मी धर्मशाळेत एक दिवस थांबले असते."

मग ती ते ओलं लुगडं खांद्यावर टाकून घाट चढू लागली. सून ते बघत राहिली आणि तिला रडू कोसळलं.

ती तशीच वेशीकडे धावली. सगळा राग वाटाड्यावर काढला. "काका, माणसावर माणूस धाडताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? आज विसाव्याचा दिवस, हे इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"तो तुझ्या सासूच्या मागणीतला दिवस होता," वाटाड्या म्हणाला. "ती तूच मोडायला लावलीस. तुझ्या मागणीत विसावा नव्हता, सूनबाई."

"मग आता थांबवा! एकालाही धाडू नका."

"बरं," वाटाड्या म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्यानं एकालाही धाडलं नाही.

पण रांजण मेला होता. नवरा-बायकोनं ते पाणी उपसून नाल्यात ओतलं. नवं पाणी धरायला घेतलं, ते नासलं. पुन्हा धरलं, पुन्हा नासलं. रंग जमेपर्यंत वर्ष सरत आलं. त्या वर्षात दोघांनी लाल रंगाऱ्याची कापडं नदीवर धुऊन पोट भरलं. शेवटी एके सकाळी नव्या पाण्यावर तांबूस साय धरली, बुडवलेलं फडकं हिरवं निघालं आणि वाऱ्यावर निळं झालं. असं निळं, की सासूबाईंनीही मान डोलावली असती.

दसऱ्याला सून वेशीवर गेली. या वेळी तिनं सावकाश, विचार करून मागणी सांगितली. "जाडं सुती कापड. दिवसाला चार गाठोडी, पाचवं नको. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुणीच नको. आणि रांजण दमलाय असं वाटलं, तर मी हातातलं काम टाकून येईन आणि तुम्हाला थांबवीन."

वाटाड्यानं सगळं ऐकून घेतलं. "चांगली मागणी आहे. अशीच असावी."

"मग उद्यापासून धाडाल ना?"

"धाडीन की. पण त्या राखेच्या लुगड्यात एका पोरीचं लग्न लागलं, आणि ते सगळ्या घाटानं पाहिलं. निळीची माणसं आता डोंगराच्या पलीकडच्या गावी उतरतात. तुझी मागणी माझ्या नीट ध्यानात राहील, सूनबाई. धाडायला माणूस मात्र नाही."

ती घरी आली. रांजणावरचं झाकण काढलं, अंगण झाडलं आणि दार उघडं टाकून वाट बघत बसली.

तात्पर्य : आपल्याला पेलेल तेवढंच मागावं, आणि कुठं थांबायचं तेही मागतानाच सांगावं.