खुंटीवरची लहान पुली

वखारीतली हत्यारं बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका साध्याच सकाळी, सागाचा ओंडका निम्मा कापून झाला असताना, करवतीला निरोप आला: शेजारच्या वखारीत तिची धाकटी बहीण कापता कापता तुटली.

दुपारी मोटार थांबल्यावर सगळे सांत्वनाला जमले.

“ताई, तिचं पोलादच कच्चं होतं,” पटाशी म्हणाली.

मोटारीवरची नवी, मोठी पुली म्हणाली, “वेग सोसायला धमक लागते. मी आल्यापासून तुम्ही दुप्पट धावताय, झालंय का काही?”

करवतीने इतका वेळ दात आवळून धरले होते. “गेलेलीच्या पोलादाला नावं ठेवू नका!” ती कडाडली. “तिच्याकडेही मोटारीला अशीच दुप्पट मोठी पुली लावली होती. अशी पुली प्रत्येक फेऱ्यात आम्हाला फिरवणारा पट्टा दुप्पट ओढणार आणि आम्ही दुप्पट पळणार. आम्हाला किती वेग झेपतो, हे बसवण्याआधी कुणी विचारलं?”



“खरं आहे, ताई,” पाना म्हणाला. “नट सैल करायला मला कितीसा वेळ? खुंटीवरची जुनी, लहान पुली आजच बसवतो.” सर्वांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मोटार सुरू झाली आणि जो तो आपल्या जागी गेला. लहान पुली खुंटीवरून कोणी काढली नाही.