रुमालाखालचा भाव

सौद्याला बसताना भरवशाचं म्हणून कुणाला सोबत न्यावं, सांगा बरं? ओळखीतल्याला, असंच म्हणाल ना? फार जुन्या काळी एका कासवानंही तेच केलं.

तळं आटत चाललं होतं. म्हाताऱ्या आईला लांबच्या नदीवर न्यायला त्याला गाडी हवी होती. घरात धान्याची पाच पोती होती, तेवढीच. हे त्यानं आपल्या जिवलग वानराला सांगितलं आणि दोघं जुन्या गाड्या विकणाऱ्या अस्वलाकडे गेले.

बाजाराची रीत अशी, की भाव रुमालाखाली बोटं धरून करायचा. एक बोट म्हणजे एक पोतं. कासवाला बोटं कुठली? म्हणून वानरानं हात घातला. चारचौघांना काही दिसेना; पण कासव पडलं जमिनीलगत, त्याला खालून सगळं दिसत होतं.

अस्वलानं तीन बोटं पुढं केली. वानरानं त्यातलं एखादं मुडपायचं सोडून आपलीच दोन जोडली आणि तो पुटपुटला, "वरची दोन माझी."

कासवाची मान बाहेर होती तशीच थिजली. आपण ऐकलं ते खरं, हेच त्याला पटेना.

"कासवदादा, आठ मागत होता लबाड! पाचावर आणला," वानर रुमाल झटकत म्हणाला.

"रुमाल वरून झाकतो रे," कासव कसंबसं बोललं. "मी खाली आहे."

वानराचा चेहरा पांढराफटक पडला. अस्वल ओशाळून म्हणालं, "बरं, तीनच दे, बाबा."

"तीन कशी, शेठ?" कासव म्हणालं. "माझ्या बाजूनं अजून कुणी भाव केलाच कुठंय?"

मग उघड घासाघीस झाली आणि गाडी दोन पोत्यांत सुटली. तेव्हा मंडळी, कुणासाठी सौदा कराल, तर ठरलं तेवढंच त्याला सांगा आणि हिशेब चोख ठेवा, एवढी विनंती.