हरकतदार क्रमांक एक

एका शहरात एक पूल होता आणि त्या पुलाचं सायकलींशी हाडवैर होतं. पुलाच्या अलीकडे घरं, पलीकडे मंडई, शाळा, कारखाने आणि कचेऱ्या. त्यामुळे रोज सकाळी अर्ध्या शहराला तो ओलांडावाच लागे. ट्रक मधून जात, टेम्पो कडेने जात, आणि जी जागा उरे ती सायकलवाल्यांची. उरलेली जागा म्हणजे खड्डे. ते इतके जुने होते की लोकांनी त्यांची बारशी केली होती. ‘आज थोरल्यात पडलो’ किंवा ‘धाकट्यात पडलो’ एवढं सांगितलं, की घरच्यांना हळद किती उगाळायची ते कळायचं.

त्या शहरात त्र्यंबक मास्तर नावाचे चित्रकलेचे शिक्षक राहत. पुलावर सायकलींसाठी वेगळा पट्टा असावा, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते अकरा वर्षं पालिकेला निवेदनं देत होते. प्रत्येक निवेदनाला हाताने काढलेला नकाशा जोडलेला असे. त्यात सायकली निळ्या, झाडं हिरवी, आणि टेम्पोंवर मास्तरांचा विशेष राग, म्हणून ते लालभडक. निवेदनांचा गठ्ठा इतका उंच झाला, की पालिकेचा शिपाई त्यावर उभा राहून पंखा पुसायचा. पालिकेला त्यांचा झालेला उपयोग तेवढाच.

मास्तरांनी एक सायकल समितीही काढली होती. तिच्यात चार माणसं. चौथ्या म्हणजे मास्तरांच्या पत्नी, कुमुदताई. त्या सायकल चालवत नसत, पण सभेचा चहा त्याच करत, म्हणून त्यांना धरलं होतं.

एके दिवशी मास्तरांकडे हौसाबाई आल्या. त्या जेवणाचे डबे करून घरोघर पोचवायच्या. वय पंचेचाळीस. चालून चालून गुडघे बोलायला लागले होते. म्हणाल्या, “मास्तर, मला सायकल शिकवा. पडले तर हसू नका, एवढंच.”

मास्तरांनी शाळेच्या मैदानावर महिनाभर मागून कॅरिअर धरून, धापा टाकत त्यांना सायकल शिकवली. मग मोठ्या मनाने समितीत घेतलं. हौसाबाई पहिल्याच सभेला आल्या. मास्तरांनी नवं निवेदन खड्या आवाजात वाचून दाखवलं. हौसाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

“कागद झकास झालाय,” त्या म्हणाल्या. “पण पालिकेचे साहेब पूल मोटारीतून ओलांडतात. त्यांना कागदातला खड्डा लागणार कसा?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पालिकेत गेल्या आणि मुख्य अभियंता डोईफोडे यांच्या टेबलावर एक डबा उघडला. त्यात वरण भाजीत, भाजी कोशिंबिरीत, कोशिंबीर पोळीत, आणि ताक कुठे गेलं ते ताकालाच ठाऊक.

“साहेब, घरून निघताना हे पाच पदार्थ होते,” हौसाबाई म्हणाल्या. “पुढचा स्वयंपाक तुमच्या पुलानं केला.”

डोईफोडे साहेब म्हणाले, “एका डब्यावरून धोरण ठरत नाही, बाई.”

“बरं,” म्हणून हौसाबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची अडीचशे गिऱ्हाइकं आपापला न उघडलेला डबा घेऊन साहेबांच्या खोलीत आली आणि सगळ्यांनी एकदम झाकणं काढली. असं सांगतात, की त्या वासाने तिसऱ्या मजल्यावरचे आयुक्त भुकेने खाली आले, आणि जे बघितलं त्याने त्यांची भूक मेली. आयुक्तांनी तिथल्या तिथे पट्ट्याचा हुकूम काढला. नियमाप्रमाणे पंधरा दिवस हरकती मागवायच्या. एकही आली नाही, तर सोळाव्या दिवशी काम सुरू.

मास्तर खूश व्हायला हवे होते. झालेही. पहिली दहा मिनिटं.

मग ते दाढीला गेले. न्हावी गालाला साबण लावता लावता म्हणाला, “मास्तर, हौसाबाईंच्या समितीत तुम्हीपण असता म्हणे?”

साबण गालावर होता, पण झोंबलं काळजात. मास्तर अर्ध्या दाढीने घरी आले. वाटेत भाजीवाली म्हणाली, हौसाबाईंचा पट्टा कधी होणार? शाळेत शिपाई म्हणाला, हौसाबाईंचा पट्टा किती रुंद असणार? अकरा वर्षं कोणी ‘मास्तरांचं निवेदन’ असंसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि आता न झालेल्या पट्ट्याला नाव मिळालं होतं.

हेव्याने मास्तर इतके तापले, की अंगावर ओला पंचा टाकला तर तो उभ्या उभ्या वाळायचा. कुमुदताईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “एवढे तापलाच आहात तर गच्चीवर जाऊन उभे राहा. पापड घातलेत.”

“तिला सायकल कोणी शिकवली?” मास्तर म्हणाले.

“तुम्ही.”

“समितीत कोणी घेतलं?”

“तुम्हीच. आणि ती शिकली, हाच तिचा गुन्हा,” कुमुदताई म्हणाल्या आणि पापड उलटायला गेल्या.

मास्तरांनी बसून एक हरकत लिहिली. मनाशी म्हणाले, पट्टा व्हायलाच हवा. पण महिनाभर उशिरा झाला तर काय बिघडलं? तोवर हौसाबाईंचं नाव जरा शिळं होईल, मग लोकांना मूळ माणूस आठवेल. शिवाय या शहरात गणपतीच्या मांडवापासून गटाराच्या झाकणापर्यंत कशालाही शेकड्यांनी हरकती येत. त्या ढिगात आपली एक कोणाला दिसणार?

लिहिली मात्र अकरा वर्षांची सगळी विद्या पणाला लावून. ‘पुलाचा उत्तरेचा कठडा सव्वा वीत जाड आहे आणि दक्षिणेचा सव्वा वीत दोन बोटं. तरी पट्ट्याची रुंदी नेमकी कोणत्या कठड्यापासून मोजणार, याचा आधी खुलासा व्हावा.’ खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.

आणि त्या शहरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाचीच हरकत आली नाही. ट्रकवाल्यांची नाही, दुकानदारांची नाही. जन्मभर शेजाऱ्याच्या तुळशीलाही हरकत घेणारे लोक हौसाबाईंच्या पट्ट्याला गप्प राहिले. पालिकेत एकच पाकीट पोचलं होतं.

सुनावणीला सभागृह भरून गेलं. हौसाबाई मास्तरांसाठी जागा धरून बसल्या होत्या.

“या मास्तर. बघू तरी हा कोण मेला निघतो. सायकलनं याचं काय घोडं मारलंय?”

मास्तरांनी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला.

डोईफोडे साहेब बऱ्याच दिवसांनी आनंदात दिसत होते. डब्यांचा वास त्यांच्या खोलीतून अजून गेला नव्हता. त्यांनी आलेली हरकत शब्द न् शब्द वाचून दाखवली. ते म्हणाले, “हरकतदारावर कोणाचा दबाव नको, म्हणून नाव पुकारणार नाही. नंबर पुकारू. हरकतदाराने उभं राहून हरकत मागे घेतली, तर काम उद्या सुरू. तो उभा राहिला नाही, तर हरकत कायम. मग समिती.” ‘समिती’ म्हणताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. एका समितीवर पाच वर्षं काढायचा त्यांचा लौकिक होता.

“हरकतदार क्रमांक एक.”

सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तरांनीही वळवली. सगळे बघत असताना आपण एकट्यानेच समोर बघणं बरं दिसलं नसतं.

“हरकतदार क्रमांक एक. दुसरी वेळ.”

मास्तरांचे गुडघे उठायला निघाले. एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “हौसाबाई, घाबरू नका, शहर तुमच्या मागं आहे.” मास्तरांचे गुडघे परत बसले.

“तिसरी वेळ.”

कोणी उठलं नाही. साहेबांनी समिती नेमली. आणि हरकतीखालची सही बघत, पुलाची एवढी माहिती दुसऱ्या कोणाला आहे, असं म्हणून तिचं अध्यक्षपद दिलं त्र्यंबक मास्तरांना.

आता मास्तरांना सगळं मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. चौकात शाल आणि नारळ झाला. न्हाव्याने दाढी करताना ‘अध्यक्षसाहेब’ म्हटलं. हौसाबाई घरी लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणजे काळजी मिटली.” मास्तरांनी लाडू घेतला आणि न खाताच कुमुदताईंच्या हातावर ठेवला.

समिती दर आठवड्याला बसू लागली. अडचण एकच होती. हरकत इतकी चोख लिहिली होती, की तिला उत्तर सापडेना. उत्तरेकडून मोजावं तर दक्षिणेचा मान जाई, दक्षिणेकडून मोजावं तर उत्तरेवर अन्याय. अध्यक्षांनी स्वतः तीन रात्री डोकं खाजवलं, पण त्र्यंबक मास्तरांची हरकत त्र्यंबक मास्तरांनाही खोडता आली नाही. ती मागे घेणं एका हरकतदाराच्याच हातात होतं, आणि तो तर अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेला.

चार महिने गेले. एका सकाळी पुलावर एका टेम्पोने कट मारला आणि हौसाबाई डब्यांसकट थोरल्यात पडल्या. उजवा हात मोडला. त्या दुपारी शहरातल्या अडीचशे माणसांनी बिस्किटांवर भागवलं.

मास्तर भेटायला गेले. हौसाबाई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. सायकल दाराशी उभी होती. तिचं पुढचं चाक करंजीसारखं वळलं होतं.

“डॉक्टर म्हणतात, सायकल सोडा,” हौसाबाई म्हणाल्या. “हात तसा जुळेल. पण आता पूल दिसला की पाय लटपटतात.”

मास्तर खाली बघत म्हणाले, “तो हरकतदार सापडला पाहिजे.”

“तो कुठं हरवलाय?” हौसाबाई म्हणाल्या. “मास्तर, या शहरात पुलाचा कठडा बोटांनी मोजणारा माणूस एकच. डोईफोड्यांनी हरकत वाचून दाखवली तेव्हाच मला कळलं.”

मास्तरांनी दाराशी जाऊन सायकलचं वाकडं चाक उगाच फिरवून बघितलं. मग म्हणाले, “मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही उठाल म्हणून वाट बघत होते. तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा मनात म्हटलं, आता उठतील.”

त्या रागावून बोलल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

पुढच्या बैठकीला मास्तरांनी सगळ्या शहराला बोलावलं. डोईफोडे साहेब जांभई देत म्हणाले, “अध्यक्ष महाराज, आज विषय कोणता?” मास्तर खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि जिथे हरकतदाराने उभं राहायचं असतं तिथे उभे राहिले.

“हरकतदार क्रमांक एक हजर आहे,” ते म्हणाले. “पट्टा हौसाबाईंमुळे मिळाला, हे मला सोसवलं नाही. म्हणून हरकत घेतली. ती मागे घेतो.”

सभागृहात टाचणी पडली असती तर तिनेही आधी इकडेतिकडे बघितलं असतं. मग मागून न्हाव्याचा आवाज आला, “म्हणजे मास्तर, अकरा वर्षं गाडी मागून ढकलली आणि हलली तसं कॅरिअर धरून ठेवलंत होय?”

लोक हसले. मास्तरांना ते ऐकून घ्यावं लागलं. पुढेही बरीच वर्षं त्यांना ‘हरकत मास्तर’च म्हणत.

पट्टा दीड महिन्यात झाला. मंजुरीच्या कागदावर हौसाबाईंचं नाव कुठेच नाही. त्यावर एकच नाव आहे: ‘हरकतदार श्री. त्र्यंबक मास्तर यांनी हरकत मागे घेतल्याने काम मंजूर.’ नाव लागावं म्हणून मास्तर तळमळले, आणि नाव लागलं ते असं.

पहिल्या दिवशी सगळं शहर सायकली घेऊन पुलाशी जमलं. हौसाबाईंचा हात प्लास्टरमधून सुटला होता, पण पाय अजून लटपटत होते. त्या सायकल धरून नुसत्याच उभ्या होत्या. मास्तर काही न बोलता मागे गेले, वाकले आणि त्यांचं कॅरिअर धरलं. हौसाबाई बसल्या. मास्तर पन्नास पावलं धापा टाकत पळाले आणि मग हात सोडला.

हौसाबाई पुढे गेल्या. त्यांच्या मागून शहर निघालं. रांग एवढी लांब होती, की पुढची माणसं मंडईतून भाजी घेऊन परत आली, तरी मागची अजून हवाच भरत होती. दोन्ही बाजूंनी लोक हौसाबाईंच्या नावाने टाळ्या वाजवत होते. मास्तरांच्या पोटात एक बारीकशी कळ आली. ते तिला म्हणाले, “बस गप,” आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन त्यांनी पॅडल मारलं.

तात्पर्य: हेव्यापोटी दुसऱ्याच्या वाटेवर टाकलेला काटा बहुतेक वेळा आपल्याच वाटेवर पडलेला असतो, आणि तो उचलणं टाकणाऱ्याशिवाय कोणाला जमत नाही. म्हणून तो चारचौघांत वाकून उचलावा, आणि कोणाच्या पायात रुतायच्या आत उचलावा.