तोंडातले मूग

एकदा एका तरुण कारागिराने एक विळी घडवली आणि ती कुणाच्या स्वयंपाकघरात पोहोचण्याआधीच तो तिच्या प्रेमात पडला. विळी होतीच तशी. पाट शिसवी, पाते लखलखीत आणि पात्याची मान उंच, बाकदार, हंसाने मागे वळून पाहावे तशी. हल्ली संगणकावर नवनव्या वस्तू रेखाटणारी मुले मला विचारतात, लोकांनी नावे ठेवली की काय करायचे? त्यांना मी या विळीची गोष्ट सांगतो.

नदीकाठच्या त्या पेठेत तेव्हा एक सुरेख रीत होती. शिष्याने नव्या घाटाची विळी केली की ती आधी खानावळीच्या बाईंकडे वापरायला जाई. बाईंनी होकार दिला, तरच वृद्ध गुरू शिष्याला पात्यावर स्वतःचा ठसा उमटवू देत. आपला हा तरुण त्या ठशासाठी अक्षरशः झुरत होता.

काही दिवसांनी बाई विळी घेऊन आल्या. म्हणाल्या, "छान आहे रे, पण..."

"पण" ऐकताच तरुण उसळला. "मावशी, तुम्ही तिरक्या बसत असाल. आणि एखादा भोपळाच जून निघाला तर विळीने काय करायचं?"

"बरं बाबा, तुझंच खरं," म्हणून बाई उठल्या. "पण"च्या पुढचे सगळे त्यांच्याबरोबरच निघून गेले.

गुरू हे सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन बाईंना भोपळ्यासकट बोलावून आणले आणि शिष्याच्या हातावर मूठभर कोरडे मूग ठेवले. "तोंडात धर. चावायचे नाहीत, गिळायचेही नाहीत."

चारचौघांत आपली शोभा चालली आहे, असे वाटून तरुणाचे कान लाल झाले. पण गाल भरलेले, बोलणार कसा?

"पाट आखूड पडतो. लांब कर," बाई म्हणाल्या.

पाट तर नेहमीच्याच मापाचा होता! उत्तर ओठांपर्यंत आले आणि मुगांना अडून परत गेले. कुणी मध्ये बोलत नाही म्हटल्यावर बाई विळीवर बसल्याच. "हे बघ, भोपळा दाबला की सगळी विळी डुलते. परवा सुनेचं बोट थोडक्यात वाचलं. घाबरलीय पोर, आता हिला हात लावत नाही."

तरुण वाकून पाहू लागला. पाटाचा काही दोष नव्हता. डुलत होती ती त्याने हौसेने उंच काढलेली मान. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

बाई गेल्यावर गुरूंनी वाटी पुढे केली. मूग जरा नरम पडू लागले होते.

"मघाशी चावले असतेस तर दात दुखला असता," गुरू म्हणाले. "तसा तू काल चावलास. पुष्कळ जण मूग गिळून गप्प बसतात आणि आतल्या आत कुढतात. तेही ऐकणं नव्हे. दुसऱ्याचं बोलणं थोडा वेळ नुसतं धरून ठेवावं, भिजू द्यावं. त्यात एखादा गणंग निघतोच, कितीही भिजवा, टणकच राहतो. बाईंचा आखूड पाट हा गणंग, तो सोडून दे. पण सुनेचं बोट खरं आहे."

शिष्याने मान उतरवली, विळीचीही. हंस गेला. पुढच्या खेपेला बाईंनी सुनेशी गप्पा मारता मारता अख्खा भोपळा चिरला आणि विळीविषयी एक शब्दही काढला नाही. गुरूंनी ठसा पुढे केला.

आज गुरू नाहीत. ती पेठ नाही आणि विळ्याही माळ्यावर गेल्या. शिष्य स्वतः म्हातारा झाला आहे. कुणी "छान आहे, पण..." म्हणत आले की अजूनही त्याची जीभ गालाकडे वळते. तिथे काही नसते. त्या क्षणी त्याला गुरूंची फार आठवण येते. मग तो पाट सरकवतो आणि म्हणतो, "बसा. पण काय?"