चंदनाशेजारची तूर

ही गोष्ट जुनी आहे. किती जुनी? तुमच्या पणजीच्या पणजीनं ऐकली, तेव्हाही ती जुनीच होती. आता बसा मोजत!

एका डोंगराळ मुलखाच्या राजाची एक बाग होती. बागेच्या मधोमध एक चंदन होता. राजाच्या आईनं शेवटच्या दुखण्यात, दोघी दासींच्या खांद्यांचा आधार घेऊन, स्वतःच्या हातानं तो लावला होता. आई गेली, चंदन वाढला. राजा रोज सकाळी यायचा, त्याच्या खोडावर घटकाभर हात ठेवायचा आणि मगच दरबारात जायचा.

बाग सांभाळायची गोजराक्का नावाची म्हातारी माळीण. तिच्या बागेत टापटीप म्हणून नव्हती. चंदनाच्या बुडाशी तुरीची झुडपं, दोन हातांवर एक वाकडा करंज, मधे गवत माजलेलं. पण जे होतं ते हिरवंगार आणि टवटवीत.

पुढं आक्काचे गुडघे धरले आणि बाग येसबा माळ्याच्या हाती आली. येसबा कामाला वाघ होता. पहाटे बागेत शिरला की दिवेलागणीला बाहेर पडायचा. राजाची बाग आपल्या हाती यावी, हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. दोष म्हणाल तर एकच. त्याला नीटनेटकेपणाचं वेड होतं. जेवताना ताटातली चटणी भाकरीला लागली, तरी त्याचा घास अडायचा!

जाताना आक्का म्हणाली, "येसू, सगळं तुझ्या मनासारखं कर. फक्त चंदनाच्या शेजाऱ्यांना हात लावू नकोस."

"बरं बरं, आक्का," येसबा म्हणाला. म्हातारी वेशीबाहेर जाते न जाते, तोच त्यानं बाह्या सरसावल्या.

"राजमातेचा चंदन, आणि शेजारी तूर? पैठणीला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखं दिसतंय!" असं म्हणून त्यानं तूर उपटली. करंज मुळासकट खणून काढला. गवत तासलं. भोवती पांढऱ्याशुभ्र दगडांचा पार बांधला. चंदन आता एकटाच, राजासारखा उभा राहिला.

मग काय, चंदन वाळला असेल, असंच वाटलं ना तुम्हाला? छे! उलट तो असा फुलला म्हणता! दसऱ्याच्या सुमाराला फांदीफांदीवर तांबूस फुलांचे बारीक झुबके लागले. राजाचे डोळे भरून आले. "आईच्या झाडाला असा बहर कधीच आला नव्हता," तो म्हणाला आणि त्यानं भर दरबारात येसबाच्या डोक्यावर जरीची पगडी ठेवली.

येसबा जमिनीवरून चार बोटं वर चालू लागला. पगडी घालून तो विहिरीवर जायचा, पगडी घालून खत कालवायचा. बायको म्हणाली, "अहो, निदान आंघोळीला तरी ती काढा!"

माघ आला आणि चंदनाची पानं पिवळी पडू लागली. येसबानं पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी झाली. त्यानं खत दिलं, ताक दिलं, नारळाचं पाणी दिलं. पानं गळायला लागली. चैत्रात सगळ्या झाडांना पालवी फुटली आणि चंदन तेवढा खराट्यासारखा उभा राहिला. नाही म्हणायला शेंड्याला पुन्हा फुलांच्या कळ्या धरल्या होत्या. येसबा त्या कळ्यांकडे बघून मनाची समजूत घालायचा.

राजा एक दिवस खोडावर हात ठेवून उघड्या फांद्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येसबा, आषाढात आईचं श्राद्ध आहे. तोवर हे झाड सावरलं नाही, तर ही बाग दुसऱ्या हातात द्यावी लागेल मला."

 बाग गेली तर येसबा जगणार कशावर, हा प्रश्न नव्हता. माळ्याला काम कुठंही मिळतं. पण या बागेवाचून जगायचं कसं, हे त्याला कळेना. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून आक्काच्या झोपडीत गेला.

"आक्का, चुकलो."

"शेजारी काढलेस ना?" आक्कानं विचारलं.

"काढले."

आक्का काठी टेकत आली. पार बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं दगड उचकटायला लावले, माती उकरली आणि मुळाची एक बारीक ढलपी काढून तोंडात टाकली. येसबा बघतच राहिला. म्हातारी डोळे मिटून, गाईनं रवंथ करावा तशी सावकाश चावत होती.

"अजून जराशी गोडी आहे," ती म्हणाली. "कणगी खरवडत आलीय, पण रिकामी नाही."

"कसली कणगी?"

"अरे लेका, चंदन काही एकटा जगणारा जीव नाही. पानांत उन्हावर आपलं जेवण तो स्वतः शिजवतो, हे खरं. पण त्याला लागणारं मीठपाणी तो शेजाऱ्यांच्या मुळांतून उसनं आणतो. शेजार चांगला असला की चूल रोज पेटते, चार घास उरतात. ते तो खोडात, मुळांत साठवून ठेवतो. आपण कणगीत दाणे भरतो ना, तसं. तू शेजार तोडलास. चूल विझत गेली. मग त्यानं कणगी उघडली आणि वर्षभर साठ्यावर दिवस काढले."

"पण आक्का, तो फुलला होता! कधी नव्हे तो!"

"फुलला, कारण घाबरला होता. जीव जायच्या आधी बी तरी मागं राहावं, म्हणून असेल नसेल ते त्यानं फुलांत ओतलं. तो घरातलं शेवटचं धान्य रांधत होता आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात!"

येसबाचा हात आपोआप पगडीकडे गेला. त्याला ती एकदम जड वाटू लागली.

"आता?"

"आता आधी त्या कळ्या खुडून टाक."

"आक्का! तेवढंच तर उरलंय दाखवायला!"

"दाखवायचंय की जगवायचंय?"

येसबाला रडू आलं. पण त्यानं झाडाला शिडी लावली आणि एकूण एक कळी स्वतःच्या हातानं खुडली. भोवती तूर पेरली, करंजाचं रोप लावलं. पाणी आता चंदनाला बेतानं आणि तुरीला आधी.

आषाढ आला. तूर मांडीपर्यंत आली. चंदन मात्र तसाच उघडाबोडका. त्याची मुळं जमिनीखाली चाचपडत होती, पण ते वरून कुणाला दिसणार?

श्राद्धाच्या दिवशी राजा आला, मागोमाग प्रधानजी आणि सगळा दरबार. ना पान, ना फूल, वर तुरीचं रान! प्रधानजी कडाडले, "येसबा, हे काय आहे? ही म्हातारी इथं घोटाळताना दिसते. हिनंच बिघडवलं ना हे सगळं?"

आक्का तिथंच काठीला टेकून उभी होती.  येसबानं नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर तो सुटला असता. बाग राहिली असती, पगडीही राहिली असती.

येसबानं पगडी काढली आणि राजाच्या पायाशी ठेवली.

"महाराज, हे माझ्या हातानं झालं. आक्कानं बजावून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ज्या बहरासाठी ही पगडी मिळाली, तो बहर नव्हता, उपास होता. आणि खरं सांगू? वर्षभर ही बाग हिरवी राहिली, तीही माझ्या करणीनं नाही. आक्कानं वीस वर्षं या मातीत जे घातलं, त्यावर राहिली. चंदन त्याच्या कणगीवर जगला आणि मी आक्काच्या. मला काढा, पण तूर काढू नका."

 राजानं झाडाकडे पाहिलं, मग आक्काकडे. "आक्का, जगेल?"

"मुळं तुरीपर्यंत पोचली तर जगेल, महाराज. कणगीत तेवढे दाणे असावेत बघा."

"मग दसऱ्यापर्यंत थांबू," राजा म्हणाला. "येसबा, तोवर बाग तुझ्याकडेच. पगडी माझ्याकडे."

श्रावणातली एक सकाळ. येसबा तुरीला पाणी घालत होता. सहज वर बघितलं, तर खोडाच्या बगलेत उंदराच्या कानाएवढं एक तांबूस पान! त्यानं कळशी टाकली आणि चिखलातून अनवाणी धावत सुटला. "आक्काऽ! पोचला! चंदन पोचला तुरीपाशी!"

"अरे हळू," आक्का म्हणाली, "पडलास तर तुला कुठली तूर लावू?" पण बोलताना तिनंही पदरानं डोळे पुसले.

दसऱ्याला चंदन पानांनी भरला होता. फूल एकही नव्हतं. राजानं हसत पगडी पुढं केली. येसबानं ती घेतली आणि तो सरळ आक्काच्या डोक्यावर ठेवायला गेला.

"चल, काहीतरीच!" आक्का मागं सरली. "माझ्या डोक्याला पदर पुरे. जिनं झाड जगवलं, तिला बांध की!"

आणि भर दरबारासमोर राजाच्या हातची जरीची पगडी तुरीच्या झुडपाला बांधली गेली. प्रधानजींनी नाक मुरडलं, पण राजा पोट धरधरून हसला. तेव्हापासून त्या राज्यात दरवर्षी दसऱ्याला आधी तुरीला पगडी बांधतात आणि मग चंदनाला हार घालतात. त्या दिवशी घरोघरी तुरीच्या डाळीचं वरण होतं, आणि येसबाच्या घरी तर पहिली वाटी आक्काला जाते.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: बहर बघून फुशारून जाऊ नये, तो कुणाच्या आधारावर आणि कुणाच्या साठ्यावर आला आहे, ते आधी पाहावं.